मी चाइल्ड, आई पेरेंट! : एका पार्किंगच्या पावतीची गोष्ट

(या भागात जे बोललो ते खाली जवळपास जसंच्या तसं उतरवलंय. मधले अडखळे आणि चहाचे घोट तेवढे गाळलेत. ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐका, ज्यांना ट्रेनमध्ये हेडफोन सापडत नाहीयेत त्यांनी वाचा.)

इकडे रेडिंगमध्ये पाऊस आहे. म्हणजे काही विशेष नाही, नेहमीसारखंच.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याला काय झालंय? मागच्या भागात व्हिसा, त्याच्या आधी घरकर्ज, आणि आज हा पार्किंगवर बोलतोय? हो, पार्किंगवरच बोलणार. त्यातही एका खास पार्किंगवर. सुपरमार्केटच्या आणि मॉलच्या दाराजवळ त्या जागा असतात बघा, जमिनीवर बाबागाडीचं किंवा मोठ्या माणसाचा हात धरलेल्या पोराचं चित्र रंगवलेलं असतं. पेरेंट अँड चाइल्ड पार्किंग.

तर झालं असं, की या जागेवर माझी पावती फाटली. १०० पौंड. चौदा दिवसांत भरले तर ६०. आणि पावती फाटली तेव्हा माझी बाजू अगदी पक्की आहे असं मला वाटत होतं. गाडीत आम्ही दोघं होतो, मी आणि माझी आई. म्हणजे पेरेंट पण आहे आणि चाइल्ड पण आहे! मी चाइल्ड, आई पेरेंट. पाटीवर हेच लिहिलंय ना?

हसू नका. हा विनोद मी अपिलात खरंच लिहिला होता. त्याचं काय झालं ते सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊ या.

या जागा आहेत कशासाठी?

मी हा प्रश्न दहा जणांना विचारला. आठ जण म्हणाले, "दाराजवळ असतात म्हणून. पोरांना घेऊन लांब चालायला लागू नये." मलाही तसंच वाटायचं. मूल व्हायच्या आधी तर मी चिडायचो सुद्धा. म्हटलं, पोरं तर दिवसभर पळत असतात, त्यांना पन्नास पावलं जड जातात होय?

मग आमची चिऊ झाली.

मंडळी, जरा गणित करू. ब्रिटनमध्ये पार्किंगची साधी चौकट असते २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब. हे माप कित्येक वर्षं चालत आलंय. आणि गाड्या? गाड्या फुगत चालल्यात. युरोपमधल्या ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायरन्मेंट नावाच्या संस्थेने मोजलं, तर २०१८ साली नव्या गाडीची सरासरी रुंदी १७७.८ सेंटिमीटर होती, २०२३ च्या पहिल्या सहामाहीत ती १८०.३ झाली. म्हणजे दर दोन वर्षांनी साधारण एक सेंटिमीटर. आणि यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत.

आता २.४ मीटरमधून १.८ वजा करा. राहिले ६० सेंटिमीटर. दोन गाड्या आपापल्या चौकटीत अगदी मधोमध लावल्या, तर दोघींच्या मध्ये तेवढीच फट. आणि मधोमध कोण लावतं हो?

त्या साठ सेंटिमीटरमध्ये तुम्हाला मागचं दार उघडायचंय. पूर्ण उघडायचं तर मीटरभर जागा लागते. मग आत वाकायचं, तान्ह्या बाळाची सीट तिच्या बैठकीवरून सोडवायची आणि सीटसकट बाळ बाहेर काढायचं. ती सीटच ४४ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. वजन चार-पाच किलो, वर बाळ चार-पाच किलो. कमरेत वाकून, हात लांब करून, नऊ किलो उचलायचे. आणि दार शेजारच्या गाडीला लागू द्यायचं नाही.

मला नाही जमलं. चिऊ दोन महिन्यांची होती, साध्या जागेत गाडी लावली होती, आणि परत आलो तर शेजारी एक भलीमोठी गाडी चिकटून उभी. चिऊची सीट हातात, दार अर्धवट उघडलेलं, आणि सीट आत जाईना. तिरकी केली, उभी केली, चिऊ रडायला लागली. शेवटी बायकोने गाडी पुढे काढली आणि मी मागून येणाऱ्या गाड्या हाताने थांबवत रस्त्याच्या मध्ये उभं राहून बाळ आत बसवलं. तेव्हा एकटा असतो तर? काय करणार होतो? बाळ जमिनीवर ठेवून गाडी बाहेर काढणार होतो?

तर त्या जागांचं खरं काम आहे ते रुंदीचं. दोन्ही बाजूंना पट्टे मारून जास्तीची जागा सोडलेली असते, त्यामुळे दार सताड उघडतं.

आणि दुसरं काम आहे वाटेचं. हे मला आणखी दोन वर्षांनी कळलं. चिऊ अडीच वर्षांची होती. मी डिकीत पिशव्या ठेवत होतो, तिला सांगितलं, गाडीला हात लावून उभी राहा. राहिली. पाच सेकंद राहिली. मग तिला कबुतर दिसलं.

मागे येणारी गाडी हळूच चालली होती. चालवणारीने ब्रेक मारला, काही झालं नाही. पण ती बाई उतरली तेव्हा तिचे हात थरथरत होते, आणि माझेही. ती एकच वाक्य म्हणाली, की मला ती दिसलीच नाही. खरंच होतं ते. अडीच वर्षांच्या पोराचं डोकं मागच्या काचेच्या खाली येतं. आरशात दिसत नाही.

म्हणून नीट आखलेल्या पार्किंगमध्ये या जागांपासून दारापर्यंत पायवाट असते, मध्ये गाड्यांचा रस्ता कमीत कमी ओलांडावा लागतो. पन्नास पावलं चालायला पोरांना काही होत नाही हो. ती पन्नास पावलं मागे येणाऱ्या गाड्यांमधून जातात, त्याची भीती असते.

कायदा काय म्हणतो?

आता इथे बऱ्याच जणांचा गोंधळ आहे, माझाही होता.

दाराजवळ दोन प्रकारच्या राखीव जागा असतात. एक अपंगांसाठी, ब्लू बॅजवाल्या. दुसरी पेरेंट अँड चाइल्ड. दिसायला सारख्याच वाटतात, पण दोघींच्या मागचं बळ वेगळं आहे.

अपंगांच्या जागेमागे २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे. ग्राहकांना सेवा देणाऱ्याने अपंग माणसासाठी वाजवी सोय केलीच पाहिजे, हे कायद्याने त्याच्यावर बंधन आहे. पेरेंट अँड चाइल्डचं तसं नाही. दुकानदाराने त्या ठेवल्याच पाहिजेत असा कायदा नाही. तो आपल्या मनाने ठेवतो. पोरंबाळं असलेली माणसं भरपूर सामान घेतात, ती आपल्याकडे यावीत, हा साधा धंद्याचा हिशोब. म्हणून एका दुकानात बारा वर्षांपर्यंतचं मूल चालतं, दुसऱ्यात पाच वर्षांपर्यंतचंच. जसं ज्याच्या पाटीवर.

मग कायदा नाही तर दंड कसला? हा प्रश्न मी पण छाती पुढे काढून विचारला होता.

उत्तर असं, की तो दंड नाहीच. कौन्सिलने रस्त्यावर लावलेली पावती असते पेनल्टी चार्ज नोटीस. खाजगी कंपनी देते ती पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींची आद्याक्षरं सारखीच, पी सी एन, आणि पाकीटही तसंच सरकारी दिसणारं. पण खाजगीवाली पावती म्हणजे कराराचं बिल आहे. तुम्ही आत आलात, पाटी तिथे होती, तुम्ही गाडी लावलीत, म्हणजे पाटीवरच्या अटी तुम्ही मान्य केल्यात. अट मोडली, पैसे द्या.

"असल्या पावत्या फाडून फेकायच्या, काही होत नाही," असं सांगणारा एक काका प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असतो. काकांना सांगा, तो जमाना २०१५ साली संपला. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तास मोफत पार्किंग होतं. बॅरी बीव्हिस नावाचे गृहस्थ, त्यांचं चिप्सचं दुकान होतं, ते ५६ मिनिटं जास्त थांबले. ८५ पौंडांची पावती आली. ते लढले, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. त्यांचं म्हणणं, इतक्या वेळाने कंपनीचं ८५ पौंडांचं नुकसान झालं का? नाही झालं, मग ही रक्कम बेकायदेशीर. कोर्टाने नोव्हेंबर २०१५ मध्ये बहुमताने सांगितलं, की नुकसान झालं नसलं तरी जागा सगळ्यांना मिळावी म्हणून पार्किंगला शिस्त लावण्यात कंपनीचं रास्त हित आहे, आणि ८५ पौंड ही काही अवाच्या सवा रक्कम नाही. पाटी मोठी आणि स्पष्ट होती, हाही मुद्दा त्यात होता.

थोडक्यात, पाटी नीट असेल तर पावती टिकते. पोलीस येणार नाहीत, गुन्हा नाही, लायसन्सवर पॉइंट नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ पासून खाजगी जागेत चाकाला जॅमर लावायलाही बंदी आहे. पण कंपनी दिवाणी कोर्टात जाऊ शकते. कोर्टाचं पत्र आलं आणि ते सुद्धा फेकून दिलंत, तर तुमच्यावर निकाल लागतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो निकाल सहा वर्षं तुमच्या क्रेडिट रेकॉर्डवर बसतो. मग घरकर्ज मागायला गेलात की बँक विचारते, हे काय आहे? साठ पौंडांसाठी एवढं सगळं.

तो मंगळवार

आता माझी गोष्ट.

आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. चालते, पण जिन्यावर आणि थंडीत पाय उचलत नाही. ब्लू बॅज नव्हता. नोव्हेंबरचा मंगळवार, भुरभुर पाऊस. चिऊ नर्सरीत. आईला म्हटलं, चल, बाजार करून येऊ.

सुपरमार्केटमध्ये आलो तर दाराजवळ सहा चित्रांच्या जागा, पाच भरलेल्या, एक रिकामी. मागच्या सीटवर चिऊची सीट बांधलेलीच होती. मी गाडी घातली.

आई म्हणाली, "अरे, हे पोरांचं आहे की. चित्र काढलंय बघ."

मी म्हटलं, "आई, मी तुझं पोरच आहे."

ती हसली. पण उतरताना परत म्हणाली, "मला दारात उतरव आणि तू लांब लाव की गाडी. मी थांबते."

मी म्हटलं, "तू एकटी कुठं थांबणार इथं? चल, दहा मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा, मंडळी. मी आईचं ऐकलं असतं तर हा भाग झालाच नसता.

आत शिरलो. आई दाराजवळ टोपी काढून झटकत होती, तेवढ्यात मागून एक मुलगी आली. पंचविशीची असेल. एका हातात तान्ह्या बाळाची सीट, दुसऱ्या हातात तीनेक वर्षांचा मुलगा, त्याचा एक बूट चिखलात भरलेला. तिघंही भिजलेली. तो मुलगा हात सोडवायला बघत होता आणि ती सीटचं ओझं मांडीवर टेकवत, त्याला ओढत चालली होती. आईला राहवलं नाही. पुढे झाली आणि त्या पोराचा हात धरला. पोरगं पण गुमान उभं राहिलं. आज्जी सगळीकडे सारखीच दिसते बहुतेक.

ती मुलगी थँक यू, थँक यू म्हणाली आणि दमून हसत म्हणाली, पार शेवटच्या रांगेत जागा मिळाली. आईला इंग्रजी थोडंच येतं, पण बाळांचं इंग्रजी तिला येतं. तिने विचारलं, "बेबी... हाऊ ओल्ड?"

"थ्री वीक्स."

ती ट्रॉली घेऊन पुढे गेली. आई तिथेच उभी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तीन आठवडे. ओली बाळंतीण आहे रे ती. ओल्या बाळंतिणीची जागा आपण खाल्ली."

बास. पुढे काही बोलली नाही. कांदे घेतले, दूध घेतलं, चिऊला केक घेतला. पण रोज ती भाव विचारते, रुपयात हिशोब करते, त्या दिवशी एकदाही विचारलं नाही.

मी गाडीत बसल्यावर काय केलं माहितीये? वाद घातला. म्हटलं, तुझे गुडघे दुखतात, तुलाही जवळची जागा हवीच ना? तुझा काही हक्क नाही का? आई म्हणाली, "माझे गुडघे दुखतात, पण मी रस्त्यात पळत सुटत नाही."

पावती

नवव्या दिवशी पाकीट आलं. माझ्या गाडीचा फोटो, मागच्या काचेतून रिकाम्या सीटचा फोटो, वेळ, तारीख. तिथला माणूस फिरून फोटो काढतो, आणि कंपनी गाडीच्या नंबरावरून आपला पत्ता डीव्हीएलएकडून घेते, त्याला तिला अडीच पौंड पडतात.

मी चवताळलो. रात्री जागून अपील लिहिलं. मुद्दा एक, या जागांना कायद्याचा आधार नाही. मुद्दा दोन, पाटीवर "पेरेंट अँड चाइल्ड" आहे आणि मी माझ्या पेरेंटसोबत होतो. मुद्दा तीन, वृद्ध आईची तब्येत. लिहून झाल्यावर मला स्वतःचाच अभिमान वाटला.

चार ओळींचं उत्तर आलं. पाटीचा फोटो जोडलेला. त्यावर बारीक अक्षरांत नव्हे, चांगल्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की बारा वर्षांखालचं मूल सोबत असेल तरच. माझं वय एकोणचाळीस.

यापुढे स्वतंत्र अपिलाची पायरी असते. कंपनी कुठल्या संघटनेची सदस्य आहे त्यावर ते पॉपला नाही तर आयएएसकडे जातं. मी फॉर्म उघडून बसलो होतो. आई मागून आली. "किती झाले?"

"साठ पौंड."

तिने मनात गुणाकार केला. सहा हजारांच्या वर. मग आत गेली आणि आपली पर्स घेऊन आली. बाबांनी निघताना तिला दिलेले पौंड होते त्यात, घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत. ती मोजायला लागली.

मी म्हटलं, "आई, असं काय करतेस? ठेव ते."

"माझ्यामुळंच झालं की रे. मी नसते तर तू तिथं लावली असतीस का?"

मंडळी, तिथे माझा सगळा युक्तिवाद संपला. कारण उत्तर होतं, हो. लावली असती. आईचे गुडघे हे कारण मला नंतर सुचलं होतं. पाऊस होता, मला भिजायचं नव्हतं. ही खरी गोष्ट मी त्या अपिलात कुठेच लिहिली नव्हती.

मी तसं आईला सांगितलं. आणि साठ पौंड भरून टाकले.

त्यानंतर दोन आठवडे आई दुकानात यायला तयार नव्हती. "तुम्ही जाऊन या, मी भाजी निवडते." तिला वाटत होतं, आपल्यामुळे पोराला परदेशात भुर्दंड बसला. साठ पौंडांपेक्षा मला हे महाग पडलं.

शेवटी मी तिचीच युक्ती वापरली. गाडी दारासमोर थांबवली, तिला उतरवलं, आत फुलांच्या बादल्यांशेजारी एक बाक आहे तिथे ती बसली, आणि मी गाडी शेवटच्या रांगेत लावून आलो. चार मिनिटं लागली. मी आलो तेव्हा ती दारावरच्या सिक्युरिटीवाल्याशी बोलत होती. तो पंजाबी निघाला. पुढच्या आठवड्यापासून मीच तिची वाट बघायला लागलो, यांच्या गप्पा संपेनात!

आणि तेव्हा मला कळलं. म्हाताऱ्या माणसाला दारात उतरवता येतं. तान्ह्या बाळाला, तीन वर्षांच्या पोराला दारात उतरवून "थांब हं, गाडी लावून येतो" असं म्हणता येत नाही. ज्याच्या सोबत दुसरं मोठं माणूस नाही, त्याला तर नाहीच नाही.

तुमचे व्हॉइस नोट

मागच्या आठवड्यात विषय सांगितला होता, तर भरपूर व्हॉइस नोट आले. त्यातले तीन घेतो.

लीड्सहून एक ताई विचारतात, "मी आठ महिन्यांची गरोदर आहे. दार अर्धं उघडून मी बाहेरच निघू शकत नाही. मी तिथे लावू शकते का?" ताई, बऱ्याच ठिकाणी पाटीवर गरोदर बायकांचा उल्लेख नसतो, काही ठिकाणी असतो. मला विचाराल तर तुमचा हक्क माझ्या अकरा वर्षांच्या भाच्यापेक्षा जास्त आहे. पण पावती पाटीवरून फाटते. तेव्हा आत जाऊन कस्टमर सर्व्हिसला विचारा आणि गाडीचा नंबर नोंदवून घ्या. आणि जमलं तर दोन्ही बाजूंना गाडी येणार नाही अशी कडेची जागा बघा, लांब असली तरी.

दुसरा मेसेज एका दादाचा, मँचेस्टरहून. "बायको आत गेली, मी आणि मुलगा गाडीतच बसलो. मग ती जागा वापरली तर काय झालं? मूल तर आहे." दादा, मूल आहे, पण ते उतरणारच नाही ना! दार उघडणारच नाही तर रुंद जागा कशाला? साध्या जागेत बसा, गाणी ऐका.

तिसरा मेसेज जरा गंभीर आहे. एका आईचा. तिच्या बाळाला ऑक्सिजनचं उपकरण सोबत न्यावं लागतं, आणि ती रोज या जागांसाठी घिरट्या घालते. ताई, ऐका. ब्लू बॅज फक्त मोठ्यांना मिळतो असं नाही. तीन वर्षांखालच्या बाळाला, जड वैद्यकीय उपकरण सतत सोबत ठेवावं लागत असेल किंवा तातडीच्या उपचारासाठी गाडीजवळ राहावं लागत असेल, तर ब्लू बॅजसाठी अर्ज करता येतो. कौन्सिलकडे करा. हा भाग फक्त तुमच्यापर्यंत पोचला तरी माझे साठ पौंड वसूल.

लक्षात ठेवायच्या पाच गोष्टी

पटापट सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. आधी पाटी वाचा. वयाची मर्यादा दुकानागणिक बदलते.

दोन. मोठं पोर असेल, स्वतःचं दार स्वतः उघडत असेल आणि हात धरून चालत असेल, तर पाटीवर बारा वर्षं लिहिलेलं असलं तरी शेवटची रुंद जागा सोडा. मागे कुणीतरी तान्हं घेऊन येत असतं.

तीन. जागा नसेल तर आधी मूल उतरवा आणि मग गाडी चौकटीत घाला, पण हे सोबत दुसरं मोठं माणूस असेल तरच. एकटे असाल तर टोकाच्या रांगेत, कडेला लावा. लांबची रुंद जागा जवळच्या अरुंद जागेपेक्षा चांगली. फक्त हात सोडू नका, कबुतरं सगळीकडे असतात.

चार. ट्रॉली ठेवायला जाताना पोराला गाडीत एकटं ठेवायचं का? इथल्या कायद्यात वय लिहिलेलं नाही, पण मुलाला धोका होईल असं ठेवणं गुन्हा आहे. ट्रॉलीच्या स्टँडजवळ गाडी लावली की हा प्रश्नच येत नाही.

पाच. पावती आलीच तर फेकू नका. २८ दिवसांत कंपनीकडे अपील करा, पुरावा जोडा. मूल खरंच सोबत असेल तर त्या दिवशीचं बिल, फोटो, काहीही. आणि चूक आपलीच असेल तर चौदा दिवसांत भरून मोकळे व्हा. रात्र जागू नका.

जाता जाता

आई आता परत सांगलीला गेलीय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, पुण्याला आत्याकडे गेले होते, मॉलमध्ये नेलं मला. मी विचारलं, कशी होती पार्किंगची सोय? म्हणाली, "बेसमेंटला तीन मजले खाली. एक पोरगी स्कूटरवर, पुढं एक पोरगं, मागं एक, आणि उतारावरून खाली चालली होती. माझ्याच पोटात गोळा आला."

तिकडे २०२३ पासून चार वर्षांखालच्या पोराला दुचाकीवर हेल्मेट आणि पट्टा लागतो, वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही, असा केंद्राचा नियम आहे. म्हणजे रस्त्यावर पोराचा विचार सुरू झालाय. पण तीच आई मॉलच्या बेसमेंटमध्ये उतरली, हेल्मेट काढलं, दोन पोरं दोन हातांत धरली, की लिफ्टपर्यंत तिच्यासाठी पायवाट कुठे असते? तुम्ही आर्किटेक्ट असाल, सोसायटीच्या कमिटीवर असाल, मॉलमध्ये नोकरीला असाल, तर एकदा खाली जाऊन चालून बघा. तीन वर्षांच्या पोराचा हात धरून. काय दिसतं ते मला कळवा, आपण त्यावर एक भाग करू.

आणि हो, आईने कॉल ठेवताना विचारलंच. "तू आता गाडी कुठं लावतोस रे?"

म्हटलं, शेवटच्या रांगेत.

"आणि पाऊस असला तर?"

"छत्री घेतलीय आई."

चला मंडळी, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, पोरांचा हात धरा, आणि आईचं पहिल्यांदा सांगितलेलं ऐका. नमस्कार!